डीव्हीआरचे फुटेज अडकते, आवाज मध्येच जातो: दोष नेमका कुठे शोधायचा

दुकानातल्या किंवा सोसायटीच्या डीव्हीआरवर, म्हणजे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर, जुने फुटेज लावले आणि चित्र मध्येच थांबले, की पहिला संशय हार्डडिस्कवर जातो. कुणीतरी येऊन डिस्क फॉरमॅट करतो आणि पंधरा दिवसांनी तेच रडगाणे पुन्हा सुरू होते. चित्र अडकण्याची कारणे निदान चार आहेत, आणि पडद्यावर ती चारही सारखीच दिसतात. फॉरमॅटने यातले एकही मुळातून बरे होत नाही, उलट हाती असलेले फुटेज तेवढे जाते. कारणे वेगळी ओळखायला एकही यंत्र लागत नाही. चित्राच्या कोपऱ्यात छापलेले तारीख-वेळेचे घड्याळ पुरते.

त्याआधी एक गोष्ट. चोरी, अपघात, मारामारी असे काही घडले म्हणून फुटेज बघत असाल, तर दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी ते पेनड्राइव्हवर काढून घ्या. डिस्क भरली की डीव्हीआर सर्वांत जुन्या भागावर नवे लिहीत जातो. आठ कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला २०४८ किलोबिट, असा हिशेब केला तर सेकंदाला साधारण २ एमबी, म्हणजे दिवसाला सुमारे १७३ जीबी होतात. २ टीबीची डिस्क या वेगाने साडेअकरा दिवसांत भरते. बाराव्या दिवशी पहिला दिवस पुसला जायला लागतो. अडकत-अडकत का होईना, जे वाचता येतेय ते आधी हाताशी हवे.

घड्याळाची परीक्षा

फुटेज मोबाइलवर बघू नका. डीव्हीआरला जोडलेल्या मॉनिटरवर, माऊस हातात घेऊन बघा. एकच कॅमेरा निवडा, वेग साधा ठेवा. चित्र अडकले की कोपऱ्यातली वेळ कागदावर लिहा. समजा १४:३२:०७ ला थांबले. पुन्हा सुरू झाल्यावर पहिली कोणती वेळ दिसते तीही लिहा. मग एक मिनिट मागे जाऊन तोच भाग आणखी दोनदा चालवा.

तीन वेळा तीन वेगळ्या ठिकाणी अडकले, किंवा दुसऱ्या वेळी सुरळीत गेले, तर रेकॉर्डिंग धड आहे. डिस्कवरून घेऊन दाखवण्याच्या वाटेत कुठेतरी अडचण आहे.

तिन्ही वेळा १४:३२:०७ लाच थांबले आणि दोन-चार सेकंद ताटकळून १४:३२:०८ पासून पुढे गेले, तर फुटेज आहे, पण डिस्कला तो तुकडा वाचायला जड जातोय.

तिन्ही वेळा तिथेच थांबले आणि घड्याळाने थेट १४:३२:१९ वर उडी मारली, तर ते अकरा सेकंद बहुतेक लिहिलेच गेले नाहीत. डिस्कवर जे नाही ते कुठलेही सॉफ्टवेअर काढून देणार नाही. क्वचित डिस्कचा तो भाग पार मेलेला असतो आणि डीव्हीआर कंटाळून पुढे जातो, तेव्हाही अशीच उडी दिसते.

चौथा प्रकार म्हणजे घड्याळ सुरळीत पळते आहे, पण चित्र फाटते, रेघा येतात, काळे होते. इथे डीव्हीआर आपले काम चोख करतोय. कॅमेऱ्याकडून त्याच्यापर्यंत जे आले तेच खराब आले.

आता दुसरा प्रश्न विचारा: हे एकाच कॅमेऱ्याला होते की सगळ्यांना? त्याच वेळेचे शेजारच्या चॅनेलचे, म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्याचे, फुटेज लावा. उडी एकट्या चौथ्या कॅमेऱ्याची असेल तर चौथ्या कॅमेऱ्याची तार, पिना आणि वीज बघायची. सगळ्या चॅनेलमध्ये १४:३२:०७ ते १४:३२:१९ गायब असेल तर डीव्हीआर, त्याचा अडॅप्टर किंवा डिस्क. या दोन प्रश्नांनी निम्म्याहून जास्त काम होते. उरलेले काम मेनूतल्या 'लॉग'मध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, असते. तिथे तारीख टाकून शोधा. 'व्हिडिओ लॉस', 'एचडीडी एरर', 'पॉवर ऑन' यातली कोणती नोंद त्या मिनिटाला पडली आहे ते दिसते. बसवणारे लोक हा लॉग फारसे उघडत नाहीत. यंत्राने स्वतःच लिहून ठेवलेली तक्रार आहे ती, आधी ती वाचा.

एक तुकडा गेला तर दोन सेकंद का जातात

डीव्हीआर प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. एक पूर्ण चित्र साठवतो, त्याला आय-फ्रेम म्हणतात. त्यापुढच्या चित्रांत फक्त आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले तेवढेच लिहितो. सेकंदाला २५ चित्रे आणि आय-फ्रेमचे अंतर ५० असेल, तर पूर्ण चित्र दर दोन सेकंदांनी एकदाच येते. मधला एखादा तुकडा वाचता आला नाही, तर पुढच्या आय-फ्रेमपर्यंत चित्र थिजते किंवा ठोकळे-ठोकळे होते. म्हणून डिस्कवरचा नखाएवढा डागही पडद्यावर दीड-दोन सेकंदांचा दिसतो. एच.२६५ प्लस किंवा 'स्मार्ट कोडेक' सारखी, चित्र जास्त दाबून साठवणारी सोय चालू असेल, तर जागा वाचवायला हे अंतर आणखी ताणले जाते आणि डागही तितकाच लांबतो.

यामुळेच १६ पट वेगाने पळवताना माणसे उड्या मारत चालल्यासारखी दिसतात. त्या वेगात यंत्र फक्त आय-फ्रेम दाखवते. तो दोष नव्हे. तसेच रेकॉर्डिंग १२ किंवा १५ फ्रेमवर लावले असेल, तर हालचाल सतत किंचित तुटक वाटते. दरवाजा, गल्ला, जिना यांच्यासाठी १५ फ्रेम पुष्कळ झाल्या. रस्त्यावरच्या गाडीचा नंबर टिपायचा असेल तर २५ हव्यात.

डिस्क: वाचायला जड जाते म्हणजे काय

दिवसाला १७३ जीबी ऐकायला खूप वाटते, पण सेकंदाला २ एमबी हे आजच्या डिस्कसाठी काहीच नाही. तिची धाव १०० एमबीच्या वर असते. तेव्हा 'डिस्कचा वेग कमी पडतोय' हे निदान बहुतेक वेळा चुकीचे ठरते. वेळ जातो तो पुन्हा-पुन्हा प्रयत्न करण्यात.

कॉम्प्युटरसाठी बनवलेल्या साध्या डिस्कला एखादा सेक्टर, म्हणजे साठवणीचा छोटा कप्पा, वाचता आला नाही, तर ती हट्टाने पुन्हा-पुन्हा वाचत राहते, कधी कधी कित्येक सेकंद. कॉम्प्युटरवर हे शहाणपणाचे आहे, कारण हिशेबाच्या फाइलमधला एक आकडाही चुकून चालत नाही. डीव्हीआरमध्ये मात्र तेवढ्या वेळात आठ कॅमेऱ्यांचे नवे चित्र दाराशी येऊन थांबलेले असते. सर्व्हेलन्स डिस्क, म्हणजे वेस्टर्न डिजिटलची पर्पल, सीगेटची स्कायहॉक, तोशिबाची एस३०० अशा, या कामासाठी वेगळ्या लावलेल्या असतात. त्या अडलेल्या जागी जास्त वेळ न घालवता पुढे जातात आणि चोवीस तास लिहीत राहण्यासाठी बनवलेल्या असतात. डीव्हीआरमध्ये साधी डिस्क घालून वाचवलेले पैसे नेमके गरजेच्या दिवशी बुडतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डिस्कची प्रकृती बऱ्याच डीव्हीआरच्या मेनूतच दिसते. स्टोरेज किंवा मेंटेनन्सखाली 'स्मार्ट' नावाचे पान असते. त्यात वीस-पंचवीस ओळी असतात, पण कामाच्या सहाच. ०५ म्हणजे किती सेक्टर खराब म्हणून बाजूला काढले. सी५ म्हणजे किती सेक्टर संशयित आहेत, अजून निकाल लागलेला नाही. सी६ म्हणजे किती वाचताच आले नाहीत. यांची शेवटच्या रकान्यातली कच्ची संख्या शून्य असावी. ०५ मध्ये दोन-चार असून महिनोन्महिने तेवढेच राहिले तर डिस्क चालू शकते. सी५ मध्ये संख्या आहे आणि आठवड्यात वाढली, तर डिस्क बदला, वाट बघू नका.

सी७ वेगळी आहे. ती डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या साटा तारेवर झालेल्या चुका मोजते. ०५ आणि सी५ शून्य, पण सी७ दिवसागणिक वाढतेय, तर डिस्क ठीक आहे आणि तार सैल किंवा खराब आहे. तार बदला. जुना आकडा तसाच राहतो, तो पुसला जात नाही. वाढायचा थांबला की काम झाले. या एका ओळीकडे न पाहिल्यामुळे चांगल्या डिस्क फेकल्या जातात.

०९ म्हणजे डिस्क किती तास चालली. चोवीस तास चालणाऱ्या डिस्कचे वर्षाला ८,७६० तास होतात. 'नवी' म्हणून बसवलेल्या डिस्कचा आकडा पहिल्याच दिवशी २०,००० दाखवत असेल, तर ती कुठेतरी दोन-सव्वादोन वर्षे राबून आलेली आहे. वापरलेल्या डिस्क नव्याच्या नावाखाली विकल्या जातात, आणि हा आकडा मागे फिरवूनही विकल्या जातात. म्हणून लेबलावरचा सिरीयल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे तेही बघा. बिलावर तोच नंबर लिहून घ्या.

सी२ हे तापमान. ते ५० अंशांच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. लाकडी कपाटात, दार बंद, वर कागदांचा गठ्ठा आणि शेजारी इन्व्हर्टर, अशा जागी मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे डिस्क सहज साठीला टेकते. चारही बाजूंनी चार बोटे मोकळी जागा आणि कपाटाच्या मागे एक भोक एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. पिठाच्या गिरणीत किंवा कापडाच्या दुकानात पंख्यात आणि जाळीत धूळ बसते. महिन्यातून एकदा डीव्हीआर बंद करून मऊ ब्रशने ती काढा.

आणखी एक खूण सांगतो, ती फारशी कुणी सांगत नाही. डीव्हीआर डिस्कवर गोल-गोल फिरत लिहितो. त्यामुळे डिस्कवरचा एखादा दुखरा भाग एका फेरीत एकदा येतो. वर हिशेब केलेल्या डिस्कची फेरी साडेअकरा दिवसांची. फुटेज ३ तारखेला अडकले, मग थेट १४-१५ तारखेला, पुन्हा २६ च्या आसपास, असे होत असेल तर अंदाज करत बसू नका, तो डाग आहे. फॉरमॅट केल्याने तो जात नाही. नवीन लिहिताना डिस्क काही सेक्टर बाजूला काढते, म्हणून चार दिवस बरे वाटते, एवढेच.

डिस्क चार स्क्रूंनी घट्ट बसलेली आहे का हेही बघा. घाईत दोनच लावलेले असतात. डिस्क थरथरली की तिचे डोके रुळावरून सरकते आणि वाचन पुन्हा करावे लागते. पाण्याच्या पंपाची भिंत, आपटणारे दार, स्पीकरची पेटी, यांच्यापासून डीव्हीआर दूर हवा. आणि डिस्कमधून थांबून-थांबून 'टक्... टक्...' असा आवाज येत असेल, तर तिला बंद-चालू करून छळू नका. फुटेज काढा आणि तिला निवृत्त करा.

हरवलेले सेकंद: वीज आणि तार

घड्याळ उडी मारते आणि ती सगळ्या चॅनेलमध्ये आहे, लॉगमध्ये त्याच मिनिटाला 'पॉवर ऑन' लिहिले आहे, म्हणजे डीव्हीआर बंद पडून पुन्हा चालू झाला. गाव-शहरात वीज गेलीच नव्हती आणि तरी असे होते, तर अडॅप्टर थकलेला आहे. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर दीड ते दोन ॲम्पिअर ओढते, मग शांत होते. जुन्या अडॅप्टरचे कपॅसिटर फुगलेले असले, की या धक्क्याला व्होल्टेज कोसळते, डीव्हीआर पुन्हा सुरू होतो, डिस्क पुन्हा धक्का देते, असे चक्र लागते. मल्टिमीटरने नुसता अडॅप्टर मोजून उपयोग नाही, मोकळा तो १२ च दाखवेल. डीव्हीआर चालू ठेवून, डिस्क फिरत असताना मोजा. साडेअकराच्या खाली गेला तर बदला. नवा घेताना डीव्हीआरच्या मागच्या लेबलावर जितके ॲम्पिअर लिहिले आहेत तितके किंवा जास्त हवेत, व्होल्ट मात्र तेवढेच.

उडी एकाच कॅमेऱ्याची आहे, दिवसा सगळे छान आणि अंधार पडल्यावरच गडबड, लॉगमध्ये 'व्हिडिओ लॉस'ची रांग. ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि डिस्कचा तिच्याशी काडीचा संबंध नसतो. दिवसा कॅमेरा समजा ०.१५ ॲम्पिअर घेतो. रात्री आयआर दिवे (अंधारात दिसण्यासाठी कॅमेऱ्यातच असलेले इन्फ्रारेड दिवे) लागले की ०.३५ घेतो. एसएमपीएसपासून, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट वीज देणाऱ्या डब्यापासून, कॅमेरा ६० मीटर लांब आहे आणि वीज नेणारी तांब्याची तार पाव चौरस मिलिमीटरची आहे. जाऊन-येऊन १२० मीटर तार, तिचा विरोध सुमारे ८.३ ओहम. दिवसा तारेतच १.२ व्होल्ट जातात, कॅमेऱ्याला १०.८ मिळतात, तो चालतो. रात्री तारेत २.९ व्होल्ट जातात, कॅमेऱ्याला ९.१ उरतात, तो बंद पडतो. बंद पडला की दिवे विझतात, व्होल्टेज वर येते, तो पुन्हा सुरू होतो, दिवे लागतात, पुन्हा बंद. रात्रभर हा खेळ चालतो आणि सकाळी फुटेजला चाळणी झालेली असते.

हे दिवसाउजेडी तपासता येते. शिडीवर चढा, कॅमेऱ्याच्या तोंडावर जाड काळे कापड धरा. आतून फिल्टर सरकल्याची बारीक 'टक्' ऐकू येईल आणि दिवे मंद लाल दिसतील. त्याच वेळी कॅमेऱ्याच्या डीसी पिनेजवळ व्होल्टेज मोजा. अकराच्या वर असेल तर निश्चिंत व्हा. दहाच्या खाली असेल तर दोष सापडला. स्वस्त ३+१ केबलमध्ये (चित्राची एक आणि बाकी तीन साध्या तारा एकत्र असलेली) तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते, तिचा विरोध दीडपटीहून जास्त असतो. तारेचे टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर मुलामा आहे.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे कॅमेऱ्याजवळच्या बोर्डवरून त्याला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर देणे. ते शक्य नसेल तर ३+१ मधली तिसरी तार मोकळी आहे का बघा. ती दोन्ही टोकांना निगेटिव्हच्या तारेला जोडली, की वरच्या उदाहरणातला विरोध ८.३ वरून ६.२ ओहमवर येतो आणि रात्रीचे ९.१ चे ९.८ व्होल्ट होतात. काठावरच्या कॅमेऱ्याला कधी कधी तेवढे पुरते, पण तो तात्पुरता आधार समजा. त्या तिसऱ्या तारेतून माइकचा आवाज येत असेल, तर तिला हात लावू नका.

तार आणि वीज दोन्ही ठीक, तरी चित्र फाटते, तर बीएनसी, म्हणजे चित्राच्या तारेच्या टोकाची गोल पिन, बघा. पावसाळ्यात कोकणात तर उघड्यावरच्या बीएनसीला एका हंगामात हिरवा गंज चढतो. डीव्हीआरमागच्या दोन बीएनसींची अदलाबदल करा. दोष त्या कॅमेऱ्याबरोबर दुसऱ्या चॅनेलवर गेला तर तार किंवा कॅमेरा खराब. जुन्याच चॅनेलवर राहिला तर डीव्हीआरचे ते तोंड खराब. घरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विश्वासू तपास हाच.

दाखवण्याच्या वाटेतली अडचण

रेकॉर्डिंग धड आहे, पण दर वेळी वेगळीकडे अडकते, अशा वेळी आधी एकावेळी किती चॅनेल लावलेत ते मोजा. आठही चॅनेल एकत्र चालवले तर डीव्हीआरला एकीकडे आठ प्रवाह लिहायचे आणि दुसरीकडे आठ उलगडायचे असतात. स्वस्त यंत्राचा दम तिथे संपतो. एकेक लावून बघा. एकटे सुरळीत चालत असेल तर दुरुस्त करण्यासारखे काही नाही.

मोबाइलवर अडकते आणि मॉनिटरवर अडकत नाही, तर प्रश्न इंटरनेटचा. फुटेज डीव्हीआरकडून बाहेर जाते, म्हणजे दुकानातल्या जोडणीचा अपलोड वेग लागतो. ४ मेगाबिटचा मुख्य प्रवाह बघायला तेवढा अपलोड सतत हवा, आणि सिमकार्डाच्या डोंगलवर तो दर मिनिटाला बदलतो. ॲपमध्ये सब-स्ट्रीम, म्हणजे त्याच चित्राचा हलका दुय्यम प्रवाह, निवडा. तो ५१२ किलोबिटच्या आसपास ठेवलेला असतो आणि प्रवासात बघायला पुरतो. मात्र काही यंत्रांत सब-स्ट्रीम रेकॉर्ड करण्याची सोय वेगळी चालू करावी लागते. ती बंद असेल तर ॲपला जुन्या फुटेजसाठी मुख्य प्रवाहाशिवाय पर्यायच नसतो.

दोन डिस्क असतील आणि जुने फुटेज लावताना सुरुवातीलाच आठ-दहा सेकंद थांबत असेल, तर 'एचडीडी स्लीप' बंद करा. दुसरी डिस्क झोपलेली असते, तिला फिरायला वेळ लागतो.

आवाज

डीव्हीआरमधला आवाज हा अगदी बारीक धागा असतो. बहुतेक यंत्रांत तो जी.७११ पद्धतीने, सेकंदाला ८,००० नमुने आणि ६४ किलोबिट, असा साठवला जातो. शेजारी चित्राचे २,००० किलोबिट असतात. चित्रातला तुकडा हरवला तर डोळा सांभाळून घेतो, आधीचेच चित्र क्षणभर राहिले तरी कळत नाही. आवाजातला पाव सेकंद गेला तर शब्द जातो. त्यामुळे डिस्कचा त्रास कधी कधी आधी कानाला कळतो. आवाज ज्या क्षणी तुटतो त्याच क्षणी घड्याळही ताटकळत असेल, तर वरची डिस्कची तपासणी करा, माइक खोलू नका.

पण आवाज तुटण्याचे सगळ्यात मोठे कारण वेगळेच आहे, आणि ते बिघाड नाही. रेकॉर्डिंग 'मोशन'वर लावलेले असते. हालचाल दिसली तरच यंत्र लिहिते, आणि आवाजही तेव्हाच लिहिते. गल्ल्यावर दोघे शांत उभे राहून बोलतायत, किंवा बोलणारा माणूस कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर आहे. चित्रात काहीच हलत नाही, यंत्र थांबते, आणि वाक्य अर्ध्यावर तुटते. घड्याळ इथेही उडी मारते, पण लॉगमध्ये बिघाडाची नोंद नसते आणि टाइमलाइनवर रंगीत पट्ट्यांच्या मधे रिकामी जागा दिसते. जिथे बोलणे महत्त्वाचे आहे, म्हणजे काउंटर, कार्यालय, दवाखान्याचे स्वागतकक्ष, तिथला कॅमेरा सततच्या रेकॉर्डिंगवर ठेवा. जागा कमी असेल तर निदान हालचालीच्या आधीचे ५-१० सेकंद आणि नंतरचे ३० सेकंद लिहिण्याची सोय चालू करा.

आवाज अजिबातच नाही, तर क्रमाने बघा. त्या चॅनेलच्या एन्कोड सेटिंगमध्ये प्रवाह 'व्हिडिओ' आहे की 'व्हिडिओ अँड ऑडिओ'? फॅक्टरी रीसेट झाल्यावर तो अनेकदा नुसत्या व्हिडिओवर परत जातो. काही डीव्हीआरमध्ये आवाज कुठून घ्यायचा तेही निवडावे लागते: मागच्या आरसीए तोंडातून (आवाजाच्या तारेची गोल पिन बसते ते), की कॅमेऱ्यातल्या माइकचा, कोॲक्स म्हणजे चित्राच्या तारेतूनच येणारा. माइक कॅमेऱ्यात आणि सेटिंग आरसीएवर असेल तर शांतताच ऐकू येणार. चार चॅनेलच्या बऱ्याच डीव्हीआरला आरसीएचे एकच ऑडिओ तोंड असते आणि ते पहिल्या चॅनेलला बांधलेले असते. माइक तिसऱ्या कॅमेऱ्याजवळ बसवून तिसऱ्या चॅनेलवर आवाज शोधत बसण्यात अर्थ नाही.

मॉनिटर व्हीजीएने जोडलेला असेल तर त्या तारेतून आवाज जातच नाही, एचडीएमआयमधून जातो. आणि वेग साध्यापेक्षा कमी-जास्त केला की यंत्र आवाज बंदच करते. तपासणी नेहमी साध्या वेगावर करायची.

आवाज येतो पण मागे सतत 'घूं' अशी घरघर आहे आणि तिच्यात बोलणे बुडते, तर ती ५० हर्ट्झच्या घरगुती विजेची आहे. माइकला कॅमेऱ्यांच्याच एसएमपीएसवरून वीज दिलेली असते, किंवा आवाजाची तार वीजवाहक तारेला चिकटून ३० मीटर धावलेली असते. माइकला वेगळा छोटा १२ व्होल्टचा अडॅप्टर देऊन बघा, पाच मिनिटांत उत्तर मिळते. घरघर गेली तर तोच ठेवा. नाही गेली तर तार वेगळ्या पाइपातून, जाळीचे कवच असलेली घ्या. आवाज थांबून-थांबून खरखरत येत असेल तर आरसीए पिन बोटाने हलवा. हलवताच खरखर वाढली तर टाका सुटलेला आहे.

माइक पंख्याखाली किंवा एसीच्या तोंडाशी बसवू नका. बऱ्याच माइकमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय असते. वाऱ्याचा मोठा आवाज आला की ती सगळेच खाली आणते आणि माणसाचा आवाज डुबक्या मारत ऐकू येतो. ऐकणाऱ्याला वाटते रेकॉर्डिंग तुटतेय.

पेनड्राइव्हवर काढलेले फुटेज

डीव्हीआरवर सुरळीत चालते, पण पेनड्राइव्हवर काढून कॉम्प्युटरवर लावले की अडकते किंवा मुके होते. इथे फाइल बहुधा ठीक असते, वाचणारा चुकीचा असतो. एच.२६५ चे चित्र जुन्या मोबाइल-कॉम्प्युटरला झेपत नाही. एमपी४ च्या खोक्यात जी.७११ चा आवाज असेल तर अनेक प्लेअर तो वाजवतच नाहीत. बॅकअप घेताना डीव्हीआर कंपनीचा प्लेअरही सोबत काढण्याचा पर्याय देतो, तो घ्या आणि त्यातच बघा. आवाज पुढेही बाहेर ऐकायचा असेल तर, सोय असल्यास, ऑडिओ एएसी या बहुतेक प्लेअरना चालणाऱ्या पद्धतीवर करून ठेवा. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून लांब फुटेजचे तुकडे होतात. सांध्यावरची बारीक उडी त्यामुळे असते.

फुटेज पोलिसांना किंवा कोर्टात द्यायचे असेल तर मूळ फाइल द्या. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली, कन्व्हर्टरमधून काढलेली, मोबाइलने मॉनिटरसमोर उभे राहून चित्रित केलेली नको. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून काढलेली तिची ओळखखूण, लिहायचे असते. फाइल एकदा बदलली की हॅश बदलतो.

त्या वेळी डीव्हीआरचे घड्याळ आणि खरी वेळ यांत किती फरक आहे तोही लिहून ठेवा. बोर्डवरचा बटणसेल संपला असेल तर वीज गेल्यावर तारीख भलत्याच वर्षावर जाते. फुटेज डिस्कवर असते, पण तुम्ही शोधता त्या दिवशी सापडत नाही. टाइमलाइनवर जुने-नवे एकमेकांवर चढते, आणि शोधणारा म्हणतो प्लेबॅक उघडतच नाही. सेल बदला, एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय) चालू करा, वेळक्षेत्र +५:३० ठेवा.

नवी डिस्क किंवा अडॅप्टर बसवल्यावर काम झाले म्हणून लगेच पाठ फिरवू नका. दुसऱ्या दिवशी रात्री तीनचे, भर दुपारचे आणि संध्याकाळी दिवे लागतानाचे असे पाच-पाच मिनिटांचे फुटेज प्रत्येक चॅनेलवर साध्या वेगाने, आवाज चालू ठेवून बघा. डिस्कच्या स्मार्ट पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. महिन्याने पुन्हा काढाल तेव्हा शेजारी ठेवायला तो लागेल.